वाइनच्या लेबलवर अंडं कुठून आलं?

गंगापूर_रोडकर

मामांना भाच्याने इटलीहून पांढऱ्या वाइनची बाटली आणून दिली. मामा पक्के शाकाहारी, पण जेवणाआधी अर्धा ग्लास वाइन त्यांना चालते. नाशकात राहून द्राक्षाला नाही का म्हणायचं, हा त्यांचा युक्तिवाद. तर त्यांनी चष्मा चढवून मागचं लेबल वाचलं. सल्फाइटच्या खाली बारीक अक्षरात होतं, अंड्यापासूनचं लायसोझाइम. बाटली न उघडता कपाटात गेली.

शोधल्यावर कळलं की हेच लायसोझाइम आपल्या अश्रूंत, थुंकीत, आईच्या दुधात असतं आणि बॅक्टेरिया मारतं. मग ते वाइनमध्ये कशाला? बॅक्टेरिया मारायला आतलं अल्कोहोल पुरत नाही का? आपल्याकडच्या वाइनरीही हे घालतात का? इथे विंचूर, दिंडोरीकडे काम करणारी मंडळी आहेत, म्हणून धागा काढतोय.

टाकीवाला

अल्कोहोल पुरत नाही. बारा-तेरा टक्क्यांत लॅक्टिक अ‍ॅसिड बॅक्टेरिया आरामात जगतात. त्यातला ओइनोकॉकस तर रेड वाइनमध्ये आम्हाला मुद्दाम हवा असतो. यीस्टने साखर संपवली की तो मॅलिक अ‍ॅसिडचं लॅक्टिक अ‍ॅसिड करतो आणि वाइनचा तिखट आंबटपणा उतरतो. याला मॅलोलॅक्टिक म्हणतात.

पण आपल्याकडच्या सोव्हिन्यों ब्लां किंवा शेनिन ब्लांला हे नको असतं. आपली काढणी जानेवारी ते मार्च. फेब्रुवारी सरता सरता ऊन तापलं की मण्यातलं मॅलिक अ‍ॅसिड झपाट्याने कमी होतं आणि पीएच चढतो. जो थोडा आंबटपणा हाती लागतो त्यावरच पांढऱ्या वाइनचा ताजेपणा टिकलेला असतो. तोही बॅक्टेरियाने खाल्ला तर वाइन सपक होते.

नेहमीचा उपाय म्हणजे सल्फर डायऑक्साइड. त्यात गोम अशी की बॅक्टेरिया मारतो तो मुक्त सल्फरमधला एक छोटा हिस्सा, आणि तो किती हे पीएचवर ठरतं. पीएच ३.२ असेल तर साधारण ३.९ टक्के कामाचा. ३.८ झाला की जेमतेम १ टक्का. म्हणजे ज्या वर्षी गरज जास्त, त्याच वर्षी सल्फर लंगडा. लायसोझाइमचं उलटं आहे. वाइनच्या पट्ट्यात पीएच वाढेल तसं ते अधिक जोरात चालतं.

तरी त्याची खरी किंमत कळते फर्मेंटेशन अडकल्यावर. यीस्ट दमलेलं, साखर शिल्लक, टाकी कोमट. लॅक्टोबॅसिलस त्या साखरेवर तुटून पडतात आणि टाकीला व्हिनेगरचा वास सुटायला लागतो. तेव्हा सल्फर ओतला तर उरलंसुरलं यीस्टही जातं. लायसोझाइम यीस्टला हात लावत नाही, फक्त हे बॅक्टेरिया उचलतं. माझ्या लेखी हाच त्याचा पहिला उपयोग, बाकीचे नंतर. मात्र अ‍ॅसिटोबॅक्टर, म्हणजे हवा लागली की वाइनचं खरंखुरं व्हिनेगर करणारा, त्याच्यावर ते काहीच करत नाही. ब्रेटानोमायसीसवरही नाही, कारण ते यीस्टच आहे.

कमाल मात्रा लिटरला ५०० मिलिग्रॅम. दहा हजार लिटरच्या टाकीला ५ किलो पावडर झाली, आणि ती स्वस्त नसते. त्यामुळे कोणताही शहाणा मालक आधी टाकी थंड करा, फिल्टर करा असंच म्हणतो. रेडमध्ये तर ते टॅनिनला चिकटून तळाशी बसतं आणि जाताना थोडा रंगही घेऊन जातं. कोण वापरतं नि कोण नाही, हे इथे लिहिणार नाही.

पेठरोडचा_पक्या

एवढं सगळं नको भो. मामांचा पत्ता टाका, बाटली मी घेऊन जातो.

फळा_आणि_खडू

टाकीवाला, तुम्ही दोन वाक्यं सहज लिहून गेलात: यीस्टला हात लावत नाही, अ‍ॅसिटोबॅक्टरवर चालत नाही. लायसोझाइमचं सगळं मर्म तिथेच आहे. जरा लांबण लावतो, निवृत्त मास्तराला वेळ असतो.

बॅक्टेरियाच्या पेशीभोवती पेप्टिडोग्लायकनची भिंत असते. एन-अ‍ॅसिटाइल ग्लुकोसामाइन आणि एन-अ‍ॅसिटाइल म्युरॅमिक अ‍ॅसिड या दोन शर्करा आळीपाळीने जोडून लांब साखळ्या होतात. त्या साखळ्या अमिनो आम्लांच्या आखूड दुव्यांनी एकमेकींना आडव्या बांधलेल्या असतात. अशा एकसंध जाळीत पेशी बसलेली असते. जाळी लागते कारण आत क्षार, शर्करा, प्रथिनं ठासून भरलेली असतात आणि बाहेरचं पाणी सतत आत शिरू पाहतं. ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे जाड आणि उघड्या भिंतीच्या, बॅक्टेरियात हा दाब वीस वातावरणांच्या आसपास जाऊ शकतो. गाडीच्या टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन भरतो.

लायसोझाइम हे एंझाइम या जाळीतला एकच बंध ओळखतं. म्युरॅमिक अ‍ॅसिडच्या पहिल्या कार्बनपासून ग्लुकोसामाइनच्या चौथ्या कार्बनपर्यंत जाणारा. कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइममध्ये १२९ अमिनो आम्लं असतात, त्यांना चार डायसल्फाइड बंधांनी घट्ट बांधलेलं असतं, आणि रेणूच्या अंगावर एक खोल खाच असते. साखळीतल्या सहा शर्करा त्या खाचेत बसतात. जागांना ए ते एफ अशी नावं आहेत. डी या जागेतल्या शर्करेला तिथे सरळ बसता येत नाही, तिचं कडं वाकतं आणि डी-ई यांमधला बंध ताणला जातो. खाचेच्या एका काठावर ३५ क्रमांकाचं ग्लुटामिक अ‍ॅसिड आहे. ते त्या बंधातल्या ऑक्सिजनला प्रोटॉन देतं. समोरच्या काठावर ५२ क्रमांकाचं अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड. बंध तुटतो, पाण्याचा रेणू तुटलेल्या टोकाला लागतो, आणि एंझाइम जसंच्या तसं पुढच्या बंधाकडे सरकतं.

हे सगळं दिसलं १९६५ साली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साह्याने लायसोझाइमची त्रिमित रचना उलगडली. रचना कळलेलं ते पहिलं एंझाइम. खाचेत शर्करा कशी बसते हे दाखवण्यात लुईस जॉन्सन यांचा मोठा वाटा होता, आणि त्यांचं नाव आपल्या पुस्तकांतून नेमकं गाळलं जातं. फिलिप्स यांच्या मांडणीत ५२ क्रमांकाचं अ‍ॅसिड शेजारी राहून, बंध तुटताना शर्करेवर येणाऱ्या धन प्रभाराला फक्त आधार देत होतं. २००१ साली व्होकॅड्लो, विदर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते शर्करेशी काही क्षण प्रत्यक्ष जोडलं जातं, मग पाणी येऊन ती जोडणी सोडवतं. बऱ्याच पाठ्यपुस्तकांत अजून जुनंच चित्र छापतात.

आता पेशी मरते कशाने? एंझाइम फक्त भिंत कापतं. पेशी फोडतं पाणी. १९५३ साली वायबुल यांनी बॅसिलस मेगाटेरियम दाट साखरेच्या द्रावणात ठेवून लायसोझाइम घातलं. भिंती गेल्या, पेशी गोल झाल्या, पण फुटल्या नाहीत. पाणी मिळताच फुटल्या.

यीस्टची भिंत ग्लुकन आणि मॅननची. तिथे हा बंधच नाही. अ‍ॅसिटोबॅक्टर ग्रॅम-निगेटिव्ह. त्याच्याकडे पेप्टिडोग्लायकन आहे, पण वरून आणखी एक बाह्यपटल पांघरलेलं. लायसोझाइमचा रेणू त्यातून आत जात नाही.

कसमादे_बागायतदार

सर, वाचता वाचता माझं डोकं बागेकडं पळालं. आमच्याकडं डाळिंबाला तेल्या रोग आहे. तो बुरशीचा नाही, बॅक्टेरियाचा, एवढं कृषी सहायकानं सांगितलेलं पक्कं ध्यानात आहे. मग हे लायसोझाइम तेल्यावर का नाही चालायचं? आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकजण अंडी, लिंबाचा रस नि गूळ भिजवून फवारतोय, म्हणतो त्यात जंतू मारायची ताकद असते. द्राक्षवाल्या पाहुण्यानं पण विचारलंय, द्राक्षावरच्या डाऊनी रोगावर मारू का म्हणून.

फळा_आणि_खडू

दादा, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे, पण उत्तर तुम्हाला आवडणार नाही. तेल्याचा बॅक्टेरिया म्हणजे झँथोमोनास, आणि तो ग्रॅम-निगेटिव्ह. वर अ‍ॅसिटोबॅक्टरचं जे सांगितलं तेच इथे. प्रयोगशाळेत ईडीटीए नावाचं रसायन घालून ते बाह्यपटल सैल करता येतं आणि मग लायसोझाइम आत पोचतं. बागेत तसं कोणी करत नाही. शिवाय तेल्या पानाच्या आणि फळाच्या आत शिरलेला असतो, वरून मारलेलं प्रथिन तिथे कुठून पोचणार?

अंडी-लिंबू-गुळाच्या द्रावणातून झाडाला थोडंफार खाद्य मिळत असेल, मी त्यावर बोलत नाही. तेल्याचं औषध म्हणून मात्र त्यावर विसंबू नका. रोगट फांद्या छाटून जाळणं, कात्री दर झाडाला निर्जंतुक करणं, पावसाळी बहार टाळणं, हे कंटाळवाणं असलं तरी करावंच लागतं.

डाऊनीचं तर बॅक्टेरियाशीच नातं नाही. तिची भिंत सेल्युलोज आणि ग्लुकनची. पाहुण्यांना बोर्डो मिश्रणच बरं. भुरीच्या बुरशीत कायटिन असतं आणि लायसोझाइम कायटिन थोडंसं कापू शकतं, हे खरं, पण इतकं सावकाश की तेवढ्यात घड हातचा जाईल.

कसमादे_बागायतदार

म्हंजे अंडी खाल्लेलीच बरी. ठीक.

दृष्टी_शरणपूर

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. अश्रूंचा विषय निघालाच आहे तर थोडं माझ्या बाजूने.

अश्रूंत एका मिलिलिटरला साधारण दोन मिलिग्रॅम लायसोझाइम असतं. डोळ्याचा पृष्ठभाग उघडा, ओला, कोमट. बॅक्टेरियासाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. तरी रोज संसर्ग होत नाही, कारण लायसोझाइम एकटं नसतं. सोबत लॅक्टोफेरिन असतं. ते बॅक्टेरियाला लागणारं लोह बांधून ठेवतं, आणि ग्रॅम-निगेटिव्हचं बाह्यपटलही ढिलं करतं. सरांनी ईडीटीएचं जे सांगितलं, त्यातलं थोडं काम शरीरात हे करतं. पापणी मिटली की उरलेलं वाहून जातं, ते वेगळंच.

लासलगावच्या मार्केटला कांदा निवडणाऱ्या बायका मला नेहमी विचारतात, एवढं पाणी येतं तर डोळे धुतले जातात ना? कांदा कापला की त्यातली एंझाइमं डोळ्याला झोंबणारा वायू तयार करतात. तो वायू बनवणारं खास एंझाइम जपानी संशोधकांनी २००२ साली शोधलं. त्याने जे पाणी येतं, त्यातही लायसोझाइमचं प्रमाण फारसं पातळ होत नाही, कारण अश्रुग्रंथी पाण्याबरोबरच ते सोडते. पातळ होतात त्या अँटिबॉडी. तेव्हा डोळे धुतले जातात हे खरं, पण म्हणून मुद्दाम कांद्यावर डोळे धरू नका. सतत चोळल्याने जे होतं ते मी रोज बघते.

आणि कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनो, लायसोझाइमवर धन प्रभार असतो. काही मऊ लेन्सचं प्लास्टिक ऋण प्रभारित असतं. त्या लेन्सवर ते भराभर चिकटतं, बसल्या बसल्या त्याची घडी बिघडते, आणि डोळा त्याला परकं समजायला लागतो. लेन्स धुरकट वाटते, टोचते, त्याचं एक कारण हे. सोल्युशनने चोळून धुवा. थुंकी लावून धुणारे अजूनही भेटतात. थुंकीत लायसोझाइम असतं ना, असं एका इंजिनिअरने मला ऐकवलं. थुंकीत इतरही बरंच काही असतं.

जुनी_पानं

थुंकी, शेंबूड, अश्रू हे सगळं ज्याने काचेच्या बशीत घातलं त्याचं नाव अजून कोणी घेतलं नाही? अलेक्झांडर फ्लेमिंग. पेनिसिलिनवाले. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये नोव्हेंबर १९२१ मध्ये त्यांना सर्दी झाली होती. स्वतःच्या नाकातला शेंबूड त्यांनी बशीवर लावून ठेवला. बशीवर बॅक्टेरियाच्या पिवळ्या वसाहती वाढल्या, पण शेंबडाच्या जवळ त्या विरघळून काचेसारख्या पारदर्शक झाल्या. मग त्यांनी आणि सहकारी अ‍ॅलिसन यांनी दिसेल त्याचे अश्रू जमवायला सुरुवात केली. लिंबाची साल डोळ्याजवळ पिळून. १९२२ साली शोधनिबंध आला. ती पिवळी वसाहत आज मायक्रोकॉकस ल्युटियस नावाने ओळखतात.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. फ्लेमिंगना त्यातून औषध काढता आलं नाही. पण ऑक्सफर्डला संशोधक हॉवर्ड फ्लोरींना लायसोझाइमची ओढ होती. त्यांनी सहकारी चेन यांना त्यावर काम करायला लावलं. १९३७ साली तिथेच अब्राहम आणि रॉबिन्सन यांनी त्याचे स्फटिक मिळवले. चेन लायसोझाइम कशावर काम करतं हे शोधत असताना बॅक्टेरिया मारणाऱ्या इतर नैसर्गिक पदार्थांचे जुने निबंध चाळत होते, आणि त्यात फ्लेमिंग यांचा १९२९ चा पेनिसिलिनचा निबंध हाती लागला. १९४५ चं नोबेल तिघांना मिळालं ते पेनिसिलिनसाठी. लायसोझाइमला कोणी विचारलं नाही.

दोघांचा मोर्चा एकाच भिंतीवर आहे, हेही नमूद करतो. लायसोझाइम बांधलेली साखळी कापतं, पेनिसिलिन आडवे दुवे बांधूच देत नाही.

सिडकोची_शुभा

मग लायसोझाइमचं औषध का नाही? नैसर्गिक आहे, अंड्यात ढिगाने मिळतं, साइड इफेक्ट नाहीत. आमच्याकडे सासूबाई भाजल्यावर अंड्याचा पांढरा बलक लावतात. नवजात बाळाचे डोळे चिकटले तर आईच्या दुधाचा थेंबही घालतात. त्यामागे हेच शास्त्र असणार ना?

डॉ_बालवॉर्ड

शुभाताई, नाही. तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, वेगवेगळ्या सांगते.

कच्चा बलक भाजलेल्या कातडीवर लावू नका. सालमोनेला ग्रॅम-निगेटिव्ह आहे, लायसोझाइम त्याला मारत नाही. अंडं महिनाभर टिकतं त्याचं श्रेय एकट्या लायसोझाइमचं नव्हे. बलकाचा पीएच साठवणीत ९ च्या वर जातो, ओव्होट्रान्सफेरिन लोह धरून ठेवतं, बलक चिकट असल्याने बॅक्टेरिया हलू शकत नाहीत. एवढ्या सगळ्यातूनही सालमोनेला तग धरतो. भाजल्यावर नळाचं वाहतं पाणी, वीस मिनिटं, आणि मग दवाखाना.

आईच्या दुधाबद्दल. त्यात लायसोझाइम गाईच्या दुधापेक्षा हजारपटीहून जास्त असतं, आणि ते बाळाच्या आतड्यात काम करतं. म्हणून पहिलं पिवळं दूध फेकू नका, मध चाटवू नका (मधात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात, वर्षाच्या आत मध नकोच). पण डोळ्यात दूध नको. चिकटलेल्या डोळ्यामागे गोनोरियासारखा संसर्ग असू शकतो, तो ग्रॅम-निगेटिव्ह आहे, आणि दोन दिवस घरगुती उपायात गेले तर दृष्टी जाऊ शकते. बाळाला दाखवायला आणा.

औषध का नाही? कारण आपल्याला आजारी पाडणारे बॅक्टेरिया बहुतेक तेच, ज्यांना लायसोझाइमशी जुळवून घेता आलंय. ज्यांना नाही आलं ते बिचारे आपल्या डोळ्यांत-नाकात मरून जातात, त्यांची नावंही आपल्याला ठाऊक नसतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस ग्रॅम-पॉझिटिव्ह आहे, म्हणजे हिशेबाने मरायला हवा. पण तो म्युरॅमिक अ‍ॅसिडवर अ‍ॅसिटाइल गट चढवून ठेवतो, आणि लायसोझाइमला त्या खाचेत शर्करा बसवताच येत नाही. शिवाय हे प्रथिन आहे, अंड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना त्रास देऊ शकतं. साइड इफेक्ट नाहीत असं नाही.

जपानमध्ये सर्दी-कफाच्या गोळ्यांत ते वर्षानुवर्षं विकलं जात होतं. फेरतपासणीत उपयोग सिद्ध झाला नाही, आणि २०१६ साली ती औषधं मागे घेतली गेली.

पेठरोडचा_पक्या

डॉक्टर, कांद्याच्या बाबतीत तरी काहीतरी चांगलं सांगा. इथे भाव पण नाही, लायसोझाइम पण नाही.

आंजनेरीचा_भटक्या

माकडांचं सांगू का? म्हणजे वानरांचं. त्र्यंबकच्या वाटेवर काळ्या तोंडाची वानरं दिसली की लोक केळी देतात, पण त्यांचं मूळ अन्न पानं. पानांतलं सेल्युलोज पचवायला त्यांच्या जठराच्या पुढच्या कप्प्यात बॅक्टेरिया पाळलेले असतात. गाईसारखंच. पानांवर बॅक्टेरिया जगतात, आणि मग वानर ते बॅक्टेरिया खातं. त्यांना फोडायला जठरात लायसोझाइम सुटतं.

अडचण ही की अश्रूंतलं लायसोझाइम जठराच्या आम्लात आणि पेप्सिनमध्ये टिकायचं नाही. १९८७ साली स्टुअर्ट, शिलिंग आणि विल्सन यांनी गाय आणि आपल्याकडचंच हनुमान लंगूर यांची जठरातली लायसोझाइमं ताडून पाहिली. दोन्हींचा वंश कधीच वेगळा झालेला, तरी दोघांच्या लायसोझाइममध्ये काही ठिकाणी तेच बदल स्वतंत्रपणे झालेले निघाले. दोन्ही आम्लात चालतात, दोन्ही पेप्सिनला सहज दाद देत नाहीत. दक्षिण अमेरिकेत होआत्झिन नावाचा पानं खाणारा पक्षी आहे, त्याच्यातही तेच आढळलं. उत्क्रांतीचा एवढा स्वच्छ दाखला शाळेत जिराफाच्या मानेऐवजी का शिकवत नाहीत कोण जाणे.

गंगापूर_रोडकर

धागा कुठून कुठे गेला, पण मजा आली. टाकीवाला, एकच राहिलं. बाटलीतल्या वाइनमध्ये ते उरतं का?

टाकीवाला

थोडं उरू शकतं. काम झालं की आम्ही बेंटोनाइट टाकतो, ही एक प्रकारची माती. तिच्यावर ऋण प्रभार, लायसोझाइमवर धन, त्यामुळे ते तिच्याबरोबर तळाशी जातं. न काढलं तर पांढरी वाइन पुढे बाटलीत गढूळ होण्याची भीती, म्हणून काढावंच लागतं. तरी अंश राहू शकतो. युरोपात २०१२ पासून अंड्या-दुधापासूनचे असे घटक वाइनमध्ये सापडण्याइतके राहिले तर लेबलवर लिहावं लागतं. ते लिहायला लावलं अ‍ॅलर्जीवाल्यांसाठी, शाकाहारींसाठी नव्हे.

शाकाहाराचं म्हणाल तर लायसोझाइम हा त्यातला सर्वांत प्रामाणिक घटक, निदान नाव तरी लिहितात. फ्रान्समध्ये रेड वाइनचं टॅनिन मऊ करायला पिंपात अंड्याचे पांढरे बलकच घालायची जुनी पद्धत आहे. जिलेटिन वापरतात, माशाच्या वाताशयापासूनचं आयसिंग्लास वापरतात, दुधातलं केसीन वापरतात. जिलेटिन-आयसिंग्लासचं नाव लेबलवर शोधायला जाऊ नका. ज्यांना चालत नाही त्यांनी वाइनरीला सरळ विचारावं: फायनिंग, म्हणजे वाइन निवळणं, कशाने करता? बेंटोनाइट किंवा वाटाण्याचं प्रथिन असं उत्तर आलं तर निश्चिंत.

चीजवेडी_कॉलेजरोड

मामा इटालियन चीज खात असतील तर त्यांना सांगू नका, पण ग्राना पादानोमध्येही लायसोझाइम असतं. चीज महिनोन्‌महिने मुरताना क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू जागे होतात, वायू सोडतात आणि चीजचं चाक आतून फुगून तडकतं. ते ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणून लायसोझाइम चालतं. पार्मिजानो रेज्जानोवाले ते घालत नाहीत, त्याऐवजी गाईंना मुरघास (मुरवलेला हिरवा चारा) देत नाहीत, कारण हे बीजाणू मुरघासातूनच येतात. शिवाय दोन्हींत दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट असतंच, तेव्हा शाकाहाराचा प्रश्न तिथे लायसोझाइमच्या आधीच निकालात निघतो.

बारावी_ब

सर, आमच्या कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात हे करून दाखवता येईल का? आमच्याकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर नाहीये.

फळा_आणि_खडू

येईल, आणि डोळ्यांनी दिसेल असं करता येईल. मायक्रोकॉकस ल्युटियसच्या वाळवलेल्या मृत पेशींची पूड मिळते, तीच मागवायला सांग. जिवंत बॅक्टेरिया वाढवण्याच्या भानगडीत पडू नका. पूड पीएच सातच्या आत-बाहेरच्या फॉस्फेट बफरमध्ये कालव, दुधट पाणी व्हायला हवं. अंड्याच्या पांढऱ्यात मिलिलिटरला तीन-साडेतीन मिलिग्रॅम लायसोझाइम असतं, म्हणजे खूपच. त्याला बफरमध्ये शंभरपट पातळ कर, फडक्यातून गाळ, आणि थोडं त्या गढूळ पाण्यात टाक. मागे छापील कागद धर. काही मिनिटांत अक्षरं दिसू लागतील.

तुलनेला आणखी नळ्या ठेव. एकीत नुसता बफर. दुसरीत उकळलेल्या बलकाचं पाणी. बलक अल्कलाइन असल्याने उकळल्यावर एंझाइम निकामी होतं, ती नळी गढूळच राहील. वेळ असला तर थोडं गाळलेलं द्रावण सायट्रिक अ‍ॅसिडने आम्लधर्मी करून थोडा वेळ तापव, मग बफरमध्ये टाकून बघ. आम्लात लायसोझाइम उष्णतेला बरंच टिकतं, त्यामुळे ही नळी निवळेल. परीक्षक चमकतात.

शेवटच्या नळीत मायक्रोकॉकसऐवजी बेकरीचं यीस्ट कालव आणि त्यात चांगलं, न उकळलेलं बलकाचं द्रावण घाल. ती निवळणार नाही. फक्त यीस्ट जड असतं, आपोआप तळाशी बसतं आणि वरचं पाणी स्वच्छ दिसतं, मग पोरं घाबरतात. बघण्याआधी सगळ्या नळ्या सारख्याच हलवून घ्या. अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या कोणाला बलक हाताळायला देऊ नका, आणि उरलेला बलक कोणी खाणार नाही याची जबाबदारी तुझी.